पाचशे रुपयांचा गाण्याचा डबा : घ्यावा की नको? बॅटरी, कार्ड, रेडिओ आणि रानातली जागल, सगळं समजून घ्या

जाफराबाद : आठवडी बाजारात मोबाईलची कव्हरं, चार्जर आणि टॉर्च यांच्या ढिगाशेजारी लाल-निळे छोटे डबे रांगेने मांडलेले दिसतात. त्यातला एक हमखास मोठ्याने वाजत असतो. कोणी त्याला रेडिओ म्हणतं, कोणी चायना स्पीकर, कोणी नुसतं डबा. पेन ड्राईव्ह किंवा मेमरी कार्ड घातलं की गाणी सुरू. किंमत साधारण ३०० ते ७०० रुपये, घासाघीस जमत असेल तर आणखी कमी. टेंभुर्णी, माहोरा, वरुड, कुठल्याही गावाच्या शिवारात फिरलं तर एखाद्या आखाड्यावर, लिंबाच्या फांदीला किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डला असा डबा लटकलेला सापडतोच.

घरोघरी स्मार्टफोन असताना हा डबा विकला का जातो, असा प्रश्न पडू शकतो. पाचशे रुपये म्हणजे फार मोठी रक्कम नाही; पण चार महिन्यांत बंद पडणारी वस्तू वर्षातून तीनदा घेतली तर दीड हजार होतात. तेवढ्यात फवारणीचा चांगला पंप दुरुस्त होतो. म्हणून डबा घेण्याआधी तो नेमका कशासाठी घ्यायचा आणि त्यात काय बघायचं, हे माहीत असलेलं बरं.

फोन असताना डबा कशाला?

पहिलं कारण रिचार्जचं. जुलै २०२४ मध्ये मोबाईल कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ रुपयांवरून २९९ वर गेला, बाकीच्या कंपन्यांनीही तेच केलं. घरात तीन फोन असले की प्रत्येकात नेट टाकणं परवडत नाही. म्हाताऱ्या माणसाला फक्त कीर्तन ऐकायचं असतं, त्यासाठी दर महिन्याला तीनशे रुपये कोण घालणार? डब्याला रिचार्ज नाही. कार्ड एकदा भरलं की भरलं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याचा विचार कमी होतो. शेतकऱ्याचा फोन आता नुसता बोलायचा राहिला नाही. ई-पीक पाहणी रानात उभं राहून फोनवरच करायची. बँकेचा, अनुदानाचा, विम्याचा ओटीपी फोनवर. मोटरला मोबाईल स्टार्टर बसवला असेल तर मोटर चालू-बंद करायची तीही फोनवर. अशा फोनची बॅटरी दुपारपर्यंत गाण्यांत संपवायची आणि पाहणीचा फोटो काढायच्या वेळेला फोन बंद, हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे. शिवाय दहा-बारा हजारांचा फोन फवाऱ्याच्या पाण्यात, मातीत किंवा विहिरीच्या काठावर ठेवायचा म्हणजे जीव टांगणीला. डबा पडला तर पाचशेचा पडला.

आणि बटणं. फोनच्या काचेवर बोट कुठं लावायचं हे सत्तरीतल्या माणसाला जमत नाही, नातू घरी नसला की गाणं बंद. डब्याला मोजून पाच-सहा बटणं असतात आणि ती हाताला लागतात. दोन दिवसांत म्हातारी माणसं ती न बघता दाबायला शिकतात. बाजारात गाणी आधीच भरलेली मोठ्या कंपन्यांची यंत्रंही मिळतात. सारेगामाचं ‘कारवां’ २०१७ साली आलं, त्यात पाच हजार जुनी हिंदी गाणी भरलेली होती आणि ते ज्येष्ठ मंडळींत चांगलंच चाललं. पण त्याची किंमत हजारांत, आपण बोलतोय तो माल शेकड्यातला.

शेडनेटमधला सोबती

जाफराबाद आणि शेजारच्या देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याच्या बियाण्याचं काम मोठं आहे. मिरची, टोमॅटो, काकडी यांचं संकरित बी तयार करायचं म्हणजे क्रॉसिंग आलं. मिरची, टोमॅटोच्या फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलातला पराग एकेका फुलाला लावायचा. एका जागी वाकून तासन्‌तास करायचं हे काम, आणि करणाऱ्या बहुतेक बाया. हात चिमट्यात आणि परागात गुंतलेले, मध्येच फोन हातात घेऊन गाणं बदलता येत नाही आणि घेतलेलं मालकाला चालतही नाही.

इथं डबा सगळ्यात जास्त कामाला येतो. तारेला एकदा लटकवला की चार-पाच तास कोणी त्याच्याकडे बघत नाही. शेडनेटमध्ये इंजिनचा आवाज नसतो, त्यामुळे छोट्या स्पीकरचा आवाजही सगळ्या ओळींना पुरतो. कापूस वेचणीला किंवा सोयाबीनच्या निंदणीला मात्र माणसं पुढं सरकत जातात आणि डबा बांधावरच राहतो; तिथं तो कमरेला किंवा झाडाला बांधून मागे-पुढे न्यावा लागतो.

याचीही एक दुसरी बाजू आहे. पूर्वी निंदताना, वेचताना बाया स्वतः गाणी म्हणायच्या, एकीने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी धरायची. डबा वाजायला लागला तशी तोंडची गाणी कमी झाली. घरातल्या सासुरवाशिणीच्या अडचणी, मजुरीचा दर, कोणाच्या पोरीला बघायला कोण आलं, हे बोलणंही डब्याच्या आवाजाखाली दबतं. काही ठिकाणी आता जेवणाच्या सुट्टीत डबा बंद ठेवायचा असं बायांनीच ठरवून घेतलंय, ते योग्यच आहे. आणि गाणी कोणाच्या आवडीची लावायची, हा वाद तर रोजचा. एकीला भजन, एकीला भीमगीत, एकीला नवीन सिनेमाचं आणि मुकादमाला लावणी! दोन कार्डं असली की अर्धा दिवस हे, अर्धा दिवस ते, असं भागतं.

जागलीला डबा : फायदा आणि धोका एकाच जागी

रब्बीत हरभरा, मका, गहू उभा राहिला की रोही आणि रानडुकरं रात्री उतरतात. पूर्णा आणि केळणेच्या काठच्या रानांत आणि डोंगराकडच्या शिवारांत हा त्रास जास्त. रात्रीची जागल करताना डब्याचे दोन उपयोग होतात.

एक म्हणजे जनावरं हाकलायला. स्वतःच्या आवाजात ‘हाऽऽड, हुर्र’ असा आरडाओरडा, पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं असं फोनवर दहा-पंधरा मिनिटं रेकॉर्ड करायचं, ते कार्डात टाकायचं आणि डब्यावर तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजेल असं लावून बांधावर ठेवायचं. भोंगा लावून विकत मिळणारी यंत्रंही हेच काम करतात, फक्त आवाज मोठा. सुरुवातीला याने जनावरं नक्की थबकतात. पण जनावर खुळं नसतं. तोच आवाज त्याच जागेवरून रोज आला आणि मागे माणूस कधीच आला नाही, की काही दिवसांत रोही त्या आवाजाच्या शेजारीच उभं राहून हरभरा खातं. म्हणून डब्याची जागा रोज बदलायची, रेकॉर्डिंग तीन-चार प्रकारचं ठेवायचं, मध्ये पाच-दहा मिनिटं शांतता राहील असं भरायचं आणि अधूनमधून स्वतः बॅटरी घेऊन एक चक्कर मारायचीच. तारेच्या कुंपणात करंट सोडणाऱ्यांनी तर हा उपाय जरूर करून बघावा. करंट सोडणं बेकायदेशीर आहेच, आणि त्यात रोह्याऐवजी शेजारचा माणूस, नाहीतर घरचाच माणूस जातो.

दुसरा उपयोग सोबतीचा. शेतीच्या लाईटच्या पाळ्या असतात, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्री बारा-एकला थ्री फेज येते आणि पाणी द्यायला एकट्यानेच उतरावं लागतं. तेव्हा आखाड्यावर डबा वाजत असला की भीती कमी वाटते, झोप लागत नाही. मोटरच्या केबलवर डोळा ठेवणाऱ्या चोरालाही इथं कोणीतरी जागं आहे एवढं कळतं.

धोका मात्र इथंच आहे. डबा मोठ्याने वाजत असला की मोटरचा बदललेला आवाज कानावर येत नाही. एक फेज गेल्यावर मोटर गुरगुरायला लागते, हे जुन्या माणसांना झोपेतही कळायचं. आता गाणं संपेपर्यंत वाइंडिंग जळालेलं असतं. रानडुकराचा फुरफुराट, वाळल्या पाचटातली सळसळ, शेजारच्या रानातून कोणी मारलेली हाक, काहीच ऐकू येत नाही. गाण्याच्या आवाजाने साप पळतो असं काही लोक समजतात, त्या भरवशावर राहू नये. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट आणि हातात बॅटरी, याला पर्याय नाही. जागलीला डबा असावा, पण माणसाच्या अंगावर नसावा. तो आखाड्यावर किंवा बांधावर ठेवायचा आणि आपण पाण्यात उतरायचं, म्हणजे सोबतही राहते आणि कानही मोकळे राहतात. कानात बोंडं घालून दारं धरणं म्हणजे रात्रीच्या रानात स्वतःहून बहिरं होणं.

‘रेडिओ’ लिहिलंय म्हणून रेडिओ समजू नका

डब्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात रेडिओ लिहिलेलं असतं. जुनी माणसं तेवढं ऐकूनच घेतात आणि घरी येऊन निराश होतात. कारण यात फक्त एफएम असतं, मीडियम वेव्ह नसतं.

फरक समजून घ्यायला सोपा आहे. मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून लांबवर जातात. आपल्याकडची माणसं वर्षानुवर्षं आकाशवाणी परभणी १३०५ किलोहर्ट्झवर आणि जळगाव ९६३ वर ऐकत आली ती त्यामुळेच. शेतीचे कार्यक्रम, बाजारभाव, बातम्या सगळं तिथं. एफएमची लहर मात्र सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर, टेकाड आलं की अडते आणि केंद्रापासून लांब गेलं की विरत जाते. त्यामुळे एखाद्या गावात उंचावर एफएम खणखणीत लागतं आणि तिथूनच दोन किलोमीटरवर नदीच्या खोलात नुसती खरखर येते. डब्याचा दोष नाही तो, जागेचा आहे.

एफएम लागत नसेल तर आधी एरियल पूर्ण ओढून बघावं. एरियल नसलेल्या डब्यात बहुधा चार्जिंगची किंवा हेडफोनची वायरच एरियलचं काम करते, ती लावून मोकळी सोडावी. मग स्कॅनचं बटण दाबून धरावं, म्हणजे डबा स्वतःच केंद्रं शोधून साठवतो. ज्यांना आकाशवाणीच ऐकायची आहे त्यांनी मीडियम वेव्ह आणि एफएम दोन्ही असलेला साधा रेडिओ घ्यावा, किंवा फोनवर ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर ऐकावं. त्या ॲपला नेट लागतं, पण नुसता आवाज असल्याने व्हिडिओपेक्षा फार कमी जातं.

खरी भानगड बॅटरीची

डबा बंद पडतो तो बहुतेक वेळा बॅटरीमुळे. आत दोनपैकी एका प्रकारची बॅटरी असते. एक चपटी, पूर्वीच्या नोकिया फोनमध्ये यायची ती बीएल-५सी आकाराची. दुसरी गोल, करंगळीपेक्षा जाड, लांबट नळीसारखी. दोन्ही लिथियमच्याच.

चपटी बॅटरी असलेला आणि मागचं झाकण उघडून ती काढता येणारा डबा पहिल्यांदा निवडावा. कारण ती बॅटरी गावोगावच्या मोबाईल दुकानात मिळते आणि हाताने बदलता येते. झाकणच नसलेला, स्क्रूने किंवा डिंकाने बंद केलेला डबा म्हणजे बॅटरी गेली की सगळंच गेलं.

बॅटरीवर छापलेल्या आकड्यांवर मात्र विश्वास ठेवू नये. नोकियाची अस्सल बीएल-५सी बॅटरी १०२० एमएएचची असायची. त्याच आकाराच्या बॅटरीवर ३००० किंवा ५००० छापलेलं दिसलं तर ते खोटं, एवढं खुशाल समजावं. तेवढ्या जागेत तेवढा माल बसतच नाही. हिशेब सोपा आहे. बॅटरी खरोखर १००० एमएएचची आहे आणि डबा मध्यम आवाजात २०० मिलिअँपिअर ओढतो असं धरलं, तर पाच तास चालेल. आवाज पूर्ण वाढवला आणि ओढ दुप्पट झाली तर अडीच तास. दुकानात दहा तास सांगितलं जातं, ते बॅटरी नवीन आणि आवाज अगदी बारीक असताना. डब्यावर ‘१००० वॅट’ असं लिहिलेलं असतं त्याचंही तेच. आतला स्पीकर तीन ते पाच वॅटचा असतो.

काही डब्यांच्या पाठीवर सोलरची छोटी पट्टी असते. बघायला छान वाटतं. पण अशी तळहाताएवढी पट्टी कडक उन्हात १०० मिलिअँपिअर देते असं धरलं तरी रिकामी बॅटरी भरायला दहा तासांपेक्षा जास्त कडक ऊन लागेल, आणि तेवढं ऊन एका दिवसात मिळत नाही. उलट पट्टीसाठी डबा उन्हात ठेवला की बॅटरी तापते. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण नियम आहे. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा चाळिशीच्या पुढे असतो, पत्र्यावर किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर काय होत असेल याचा अंदाज करावा. सोलरसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

बॅटरीचा धोका थट्टेवारी नेण्यासारखा नाही. चाळिशीच्या पुढच्यांना २००७ चा ऑगस्ट आठवत असेल. नोकियाने बीएल-५सी प्रकारच्या, मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या साडेचार कोटींहून जास्त बॅटऱ्यांबाबत इशारा दिला होता, कारण चार्जिंग करताना काही बॅटऱ्या तापत होत्या. जगभरात अशा शंभरेक तक्रारी आल्या होत्या आणि कंपनीने बॅटऱ्या बदलून दिल्या. आपल्याकडेही तेव्हा जो तो फोनचं झाकण उघडून बॅटरीवरचा नंबर बघत होता. ती नामांकित कंपनीची, तपासणी झालेली बॅटरी होती. बाजारातल्या बिननावाच्या डब्यातल्या बॅटरीची तपासणी कोणी केली?

त्यामुळे रात्री डबा उशाशी ठेवून चार्जिंगला लावून झोपू नये. अंथरुणावर, कडब्याजवळ, कापसाच्या ढिगावर तर नाहीच नाही. कापूस घरात भरलेला असताना ठिणगी म्हणजे काय हे सांगायला नको. चार्जिंग जागेपणी, फरशीवर किंवा मातीच्या जमिनीवर करावं. बॅटरी फुगलेली दिसली, झाकण बसेना झालं किंवा गोडसर रसायनाचा वास आला तर तिला टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्ज करून बघू नये. चार्जिंगला असताना धूर निघाला तर आधी बोर्डाचं बटण बंद करून मगच माती टाकावी.

चार्जरबद्दल एक घोळ नेहमी होतो. नव्या डब्यांना टाईप-सी पिन असते, पण फोनच्या नव्या चार्जरची दोन्हीकडे टाईप-सी असलेली वायर लावली की काही डबे चार्जच होत नाहीत. लोकांना वाटतं डबा खराब निघाला. खरं म्हणजे स्वस्त डब्यात ती वायर ओळखणारा छोटा भाग टाकलेलाच नसतो. एका बाजूला जुनी चपटी यूएसबी पिन असलेली वायर आणि साधा पाच व्होल्टचा चार्जर लावला की तोच डबा चार्ज होतो. परत करायला जाण्याआधी एवढं करून बघावं.

कार्डातली फसवणूक

गाणं बऱ्यापैकी ऐकू येईल अशा दर्जाचं एमपी-३ म्हणजे मिनिटाला साधारण एक एमबी. पाच मिनिटांचं गाणं पाच एमबी. म्हणजे चार जीबीच्या कार्डात आठशेच्या आसपास गाणी बसतात. दोन तासांचं कीर्तन सव्वाशे एमबीच्या आत येतं, आठ जीबीत साठेक कीर्तनं. एवढं ऐकून व्हायला खूप दिवस लागतात. मग ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड कशाला घ्यायचं?

मोठं कार्ड न घेण्याची आणखी दोन कारणं आहेत. बरेच स्वस्त डबे ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड वाचतात. त्यापुढच्या कार्डाची आतली मांडणी वेगळी असते, ती डब्याला कळत नाही आणि तो गप्प बसतो. दुसरं, बाजारात खोटी कार्डं आहेत. वर ६४ जीबी छापलेलं, फोनमध्ये घातलं तरी ६४ दाखवतं, पण आत जागा आठचीच. आठ जीबी भरेपर्यंत सगळं ठीक, पुढची गाणी टाकली की आधीची खराब होतात किंवा गाणं मध्येच तुटतं. लग्नाचे फोटो असल्या कार्डात ठेवणाऱ्यांचे डोळे नंतर उघडतात. ८ किंवा १६ जीबीचं, नावाजलेल्या कंपनीचं, बिल मिळणारं कार्ड घ्यावं.

गाणी भरून देणाऱ्या दुकानांचाही प्रश्न आहे. जीबीमागे पैसे घेऊन कार्ड भरून देणं सर्रास चालतं, पण ती गाणी ज्यांनी गायली, लिहिली, रेकॉर्ड केली त्यांना त्यातला पैसाही जात नाही. कॉपीराईट कायदा १९५७ च्या कलम ६३ प्रमाणे असा धंदा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी तरतूद आहे. आपल्या भागातले शाहीर, भजनी मंडळं, कीर्तनकार स्वतःच्या रेकॉर्डिंगवर चार पैसे मिळवू पाहतात, त्यांचंही नुकसान यातच होतं. त्यापेक्षा गावातल्या सप्ताहाचं कीर्तन, काकडा, जयंतीचा कार्यक्रम, कव्वालीचा मुकाबला परवानगी घेऊन आपणच फोनवर रेकॉर्ड करावा आणि कार्डात टाकावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेऊन त्या भरल्या तर त्याहून चांगलं. ती माणसं पुढच्या वर्षी असतीलच असं नाही.

कान आणि शेजारी

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो, पण ९० डेसिबल झाला की आठवड्याला चार तासांतच मर्यादा संपते. आवाज मोजायला यंत्र नको. डबा वाजत असताना हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो जास्त आहे. ट्रॅक्टर, मळणीयंत्राजवळ डबा ऐकू यावा म्हणून आवाज वाढवत नेणं म्हणजे कानावर दुहेरी मार, तिथं तो बंदच ठेवावा.

वस्तीतही भान हवं. राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा नियमात आहे. पहाटे चारला ओसरीवर पूर्ण आवाजात हरिपाठ लावला की शेजारच्या घरातलं दहावीचं पोरगं आणि रात्रपाळीचं पाणी देऊन नुकताच झोपलेला माणूस, दोघंही उठतात.

घेताना काय बघाल?

दुकानात डबा हातात घेतल्यावर आधी मागचं झाकण उघडून बॅटरी बघावी. मग आपलं स्वतःचं, घरून गाणी भरून नेलेलं कार्ड घालून वाजवावं, दुकानातल्या कार्डावर जाऊ नये. आवाज पूर्ण करून बघावा, फाटत असेल तर सोडून द्यावा. बंद करून पुन्हा चालू केल्यावर गाणं थांबलं होतं तिथूनच सुरू होतं का, हेही बघावं. कीर्तन ऐकणाऱ्यासाठी ही सोय फार मोलाची. नाहीतर दोन तासांचं कीर्तन दर वेळी पहिल्या अभंगापासून ऐकत बसावं लागतं.

लिथियम बॅटरी, चार्जर आणि ब्लूटूथ स्पीकर यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर किंवा डब्याच्या बुडाला आयएसआयसारखं चिन्ह आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी नंबर असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो नंबर टाकला की कंपनीचं नाव आणि वस्तू समोर येते. नंबर दुसऱ्याच वस्तूचा निघाला किंवा निघालाच नाही, तर काय ते समजावं. बाजारातल्या बऱ्याच डब्यांवर हा नंबर नसतोच. दोनशे रुपये जास्त गेले तरी नंबर असलेला आणि पक्कं बिल मिळणारा डबा तालुक्याच्या दुकानातून घेतलेला परवडतो, कारण बिल असलं की निदान भांडता तरी येतं.

ब्लूटूथ असलेला डबा थोडा महाग पडतो. तो घ्यायचा की नाही हे सोपं आहे. फोन शेजारी ठेवूनच गाणी लावायची असतील तर घ्या. पण मग फोनची बॅटरी आणि नेट दोन्ही जाणार, म्हणजे ज्या कारणासाठी डबा घेतला तेच राहिलं नाही. रानासाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी कार्डवालाच बरा.

बंद पडलेला डबा उकिरड्यावर टाकू नये, पाचट पेटवताना त्यात तर मुळीच जाऊ देऊ नये. आगीत बॅटरी फुटते. बॅटरी वेगळी काढून तिच्या टोकांना चिकटपट्टी लावावी आणि तालुक्याला जाताना मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे द्यावी. स्पीकर आणि चार्जिंगची पिन चांगली असेल तर तो ती काढून दुसऱ्या डब्याला बसवतो, आणि हिशेबात दहा-वीस रुपये सोडतोही.